गिटार ती, बेस तो

माझ्या वन-रूम-किचनमध्ये आत्ता तीन बेस गिटार आहेत. आईच्या हिशेबाने पाच, कारण ती अ‍ॅम्प आणि रिकामी हार्ड केसही धरते. "अरे, वाजवायला हात दोनच आहेत ना तुला?" हा तिचा दर महिन्याचा प्रश्न आणि "आई, ही इन्व्हेस्टमेंट आहे" हे माझं दर महिन्याचं उत्तर. हेच वाक्य मी एकदा घरमालक काकांनाही ऐकवलं होतं. एका मासिकाचा चेक लटकला होता आणि भाडं दहा दिवस लांबलं होतं. काका बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीला टेकवलेल्या बेसकडे बघितलं आणि म्हणाले, "मग ती इन्व्हेस्टमेंट मोडा की."

तर मंडळी, आजचा विषय हाच. इन्व्हेस्टमेंट घेणं, सांभाळणं आणि मोडणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं प्रायमर. बँडमध्ये जो सगळ्यात मागे, ड्रमरच्या बाजूला, चेहऱ्यावर काहीही भाव न आणता उभा असतो, तो बेसिस्ट. फोटोत तो अर्धा कापला गेलेला असतो. त्याच्या गिटारला सहसा चारच तारा असतात, त्या जाड असतात आणि मान लांब. तारेची वाजणारी लांबी साधारण ३४ इंच. सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानापेक्षा पोटाला आधी कळणारा. बेस चालू असताना कोणाचं लक्ष जात नाही, पण बंद पडला की अख्खं गाणं उघडं पडतं. लग्नात वाढप्यांचं असतं ना, तसंच. आणि एक गंमत बघा. मराठीत गिटार 'ती' आहे, पण बेस मात्र 'तो'. हे कोणी ठरवलं माहीत नाही. मी दोन्ही वापरतो, मूडप्रमाणे.

हे यंत्र आज जसं दिसतं तसं ते बाजारात आणलं कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने, १९५१ मध्ये. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. तो गाडीत मावायचा नाही आणि ब्रास सेक्शनच्या गदारोळात ऐकूही यायचा नाही. फेंडरने त्याला आडवा केला, विजेवर घेतला आणि मानेवर फ्रेट्स, म्हणजे पडद्या बसवल्या. बोट बरोब्बर जागेवर पडलं की सूर 'प्रिसाइज', म्हणून नाव प्रिसिजन बेस. १९६० मध्ये आला त्याचा सडपातळ भाऊ, जॅझ बेस. या माणसाला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही बरं का! रेडिओ दुरुस्त करणारा गडी होता. सत्तर वर्षांत बेसच्या मूळ आराखड्यात फारसा बदल कोणाला करावासा वाटलेला नाही. माझा फोन दोन वर्षांत म्हातारा होतो. असो.

माझा पहिला बेस साडेचार हजारांचा. कॉलेजच्या सीनियरकडून घेतलेला. त्याला कॅम्पस प्लेसमेंट लागली होती आणि त्याचं संगीत त्याच आठवड्यात संपलं. मी तेव्हा मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होतो. बँडमध्ये तीन गिटारिस्ट होते, बेसिस्ट नव्हता, आणि तिघांत सगळ्यात वाईट मी वाजवायचो. जगातले निम्मे बेसिस्ट असेच तयार होतात. बीटल्समध्येसुद्धा बेसवाला बँड सोडून गेला, बाकी कोणी हात वर केला नाही, म्हणून पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात बेस पडला. माझं आणि त्याचं साम्य इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

त्या साडेचार हजारांच्या बेसची मान दर पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकायची. पुण्याच्या दुकानात नेली तर माणूस म्हणाला, ट्रस रॉड फिरवावा लागेल. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत घातलेली लोखंडी सळई. अ‍ॅलन कीने ती आवळली की मान सरळ होते. पाव वळसा फिरवायचा आणि थांबायचं. मी घरी येऊन दीड वळसा फिरवला. 'कट्' असा जो आवाज आला ना, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. साडेचार हजार खलास. पण खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

पुढचा फंडा मला एका पोचलेल्या मित्राने दिला: नवा बेस घेऊच नको. नवा बेस दुकानातून बाहेर पडला की नव्या बाइकसारखा लगेच काही हजारांनी उतरतो. तो तोटा पहिल्या मालकाला खाऊ दे. तू सेकंडहँड घे, दोन वर्षं वाजव, घेतला त्याच भावात विक. म्हणजे दोन वर्षं फुकट वाजवलास. ऐकायला भन्नाट वाटतं आणि कागदावर शंभर टक्के खरं आहे. प्रत्यक्षात काय होतं, विकायच्या आधीच पुढचा घेतलेला असतो. मी गेल्या आठ वर्षांत अकरा बेस घेतले आणि आठ विकले. त्यातले दोन विकल्यावर रडलो. एक विकल्यावर पार्टी केली. तो पाच तारांचा होता आणि वजन इतकं की गिगनंतर दोन दिवस खांदा तिरका.

सेकंडहँड बेस बघायला जाणं हे थेट 'बघण्याच्या' कार्यक्रमासारखं असतं. पोहे असतात, घरच्यांची ओळख होते, आणि सगळ्यांना माहीत असलेलं वैगुण्य कोणीच बोलून दाखवत नाही. मी आधी बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून मानेच्या कडेने बघतो. थोडी कमान हवी, पीळ नको. कमान दुरुस्त होते, पीळ नाही. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा, सगळे वीसच्या वीस. विकणारा कंटाळला तरी वाजवायचा. जिथे सूर 'झ्झ' करतो तिथे फ्रेट झिजलेला किंवा उचललेला असतो. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, पन्नास रुपयांच्या स्प्रेचं काम असतं. पण चेहरा मात्र पाच हजारांचा करायचा. अ‍ॅक्टिव्ह सर्किट असेल तर मागचं झाकण उघडून नऊ व्होल्टची बॅटरी बघा. फुटून गळलेली बॅटरी निघाली की समजायचं, या माणसाने हा बेस वर्षभर हातात घेतलेला नाही. अशा माणसाकडून भाव चांगला मिळतो.

तारा जुन्या आहेत म्हणून भाव पाडू नका एवढं सांगतो. एक तर ते चिंधीपणाचं वाटतं. दुसरं म्हणजे मोटाऊनच्या असंख्य हिट गाण्यांमागचा बेसिस्ट जेम्स जेमरसन तुटल्याशिवाय तार बदलायचाच नाही. सगळा आवाज त्या मळातच आहे, असं त्याचं म्हणणं. आमच्यासारखे लोक दोन-अडीच हजारांचा नवा सेट परवडत नाही म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळतात. खरंच! दहा मिनिटं उकळून पुसून लावल्या की चार-पाच दिवस नव्यासारख्या वाजतात. फक्त आईचं वरणाचं पातेलं वापरू नका.

इथपर्यंत सगळं मजेमजेत आहे. आता जे सांगायचंय ते थोडं अवघड आहे.

२०२१ मध्ये, लॉकडाउन उठता उठता, मी नाशिकहून एक बेस घेतला. विकणारे काका साठीचे होते आणि पंधरा वर्षं मस्कतला नोकरी करून परतलेले. मुलगा एमएस करायला जर्मनीला गेला होता. घर लहान, नवीन फर्निचर येणार होतं, तर "त्याची ती गिटार पडून आहे, घेऊन जा." मी केस उघडली आणि मला घाम फुटला. सनबर्स्ट रंगाचा स्क्वायर प्रिसिजन होता. स्क्वायर म्हणजे फेंडरचा स्वस्त ब्रँड, त्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण मानेच्या बुडाशी सीरियल नंबर 'जेव्ही'ने सुरू होत होता. १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्ये फुजिजेनच्या कारखान्यात आपल्याच जुन्या मॉडेल्सच्या नकला बनवायला सुरुवात केली, त्या पहिल्या बॅचेस या. इतक्या नेटक्या उतरल्या की खुद्द अमेरिकेतल्या मालापेक्षा बऱ्या, असं म्हणणारे कमी नाहीत. जगभर लोक त्यांच्यामागे असतात.

काका म्हणाले, बारा हजार. मी म्हणालो, दहा. अकरावर तुटलं. काकूंनी वर चिवड्याचा डबा दिला, प्रवासात खायला.

तीन महिन्यांनी मी तो सत्तर हजारांना विकला. मित्रांमध्ये हा किस्सा मी किमान वीस वेळा सांगितला असेल, चिवड्याच्या डब्यासकट. चिवड्यावर हमखास हशा यायचा.

गेल्या वर्षी एक मेसेज आला. जर्मनीहून. "बाबांनी तुम्हाला बेस विकला होता. मला ते खूप उशिरा कळलं. माझी काही तक्रार नाही. फक्त तो अजून तुमच्याकडे असेल तर मला परत घ्यायला आवडेल. दहावीच्या सुट्टीत बाबांनी मस्कतमध्ये घेऊन दिला होता."

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. डेडलाइन चुकवण्यात मी पटाईत आहे, पण ही वेगळी होती. मला सारखी एकच गोष्ट आठवत होती. त्या बेसच्या मागच्या बाजूला, वरच्या शिंगाजवळ, कंपासच्या टोकाने दोन अक्षरं कोरलेली होती. त्याच्या नावाची असणार, उघड आहे. विकताना मी वर्णनात लिहिलं होतं, 'मागे किरकोळ ओरखडे'.

शेवटी उत्तर लिहिलं. विकला म्हणून सांगितलं. कितीला, तेही सांगितलं, आणि मधला फरक परत करतो म्हणालो, हप्त्याने का होईना. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. पैसे नकोत, बाबांनी राजीखुशीने विकला होता. कुठे आहे ते कळलं तर सांगा.

यानंतर चार महिन्यांनी मला माहीमहून फोन आला. म्हणजे मी काही फार थोर माणूस आहे असं समजू नका, मी तेव्हा नुकताच भाजलेलो होतो.

माहीमचे हे अंकल ऐंशीला टेकलेले. मूळचे गोव्याचे. तरुणपणी ताजमहालापासून रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सपर्यंत सगळीकडे वाजवलेलं आणि मधली काही वर्षं फिल्मच्या रेकॉर्डिंगलाही जायचे. आपण आर. डी. बर्मनचं नाव घेतो, पण त्या गाण्यांखाली बेस धरणारे टोनी वाझ किंवा चरणजित सिंग ही नावं किती जणांना माहीत असतात? (हेच ते चरणजित सिंग, ज्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. ती तेव्हा पडली आणि कित्येक वर्षांनी जगाने डोक्यावर घेतली.) त्या ऑर्केस्ट्रात मागच्या खुर्च्यांवर कितीतरी गोवेकर बसायचे. अंकल त्यांच्यातलेच, त्याहून मागच्या खुर्चीवरचे. "आपन रेग्युलर नाय, बदली," ते म्हणाले. "रेग्युलर आजारी पडला तर आपल्याला फोन."

मी डेक्कन क्वीनने गेलो. ऑम्लेट खाल्लं, दादरला उतरलो, लोकलने माहीम. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली, दोन महिन्यांत घर खाली करायचं होतं. अर्धं सामान खोक्यांत. अंकलची मुलगी, पन्नाशीची, खोक्यांवर मार्करने लिहीत होती. बेस पलंगाखाली होता, चादरीत गुंडाळलेला.

काळा रंग, तोही गाड्यांना देतात तसला, जाड. पण मान बघितली आणि मी गप्प झालो. फेंडर जॅझ बेस. शिसवी फिंगरबोर्डवर चौकोनी मोतिया ब्लॉक. मान तीन बोल्टवर बसवलेली, मागच्या प्लेटवर मोठा 'एफ', डोक्यापाशी ट्रस रॉडचा गोळीसारखा नट. मागचा पिकअप ब्रिजकडे थोडा सरकलेला. सगळी लक्षणं सत्तरच्या दशकाच्या मध्याची. अंकलच्या जहाजावर असलेल्या भावाने तो १९७८ मध्ये आणला होता. त्या काळात आपल्याकडे असलं वाद्य दुकानात मिळायचं नाही, आलं तर बोटीवरूनच यायचं.

आता जाणकार म्हणतील, सत्तरचं दशक म्हणजे वाईट काळ. बरोबर आहे. १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला विकली आणि हळूहळू कामाचा दर्जा घसरला. तीन बोल्टची मान तर बदनामच आहे, धक्का लागला की बाजूला सरकते आणि तार कडेवरून खाली उतरते. पण जुनं ते जुनं. भाव चढायला दर्जा लागतोच असं नाही, पुन्हा न बनणं पुरतं. शिवाय माझं लक्ष त्या शिसवीवर होतं. अमेरिकन गिटारवाले तोपर्यंत ब्राझीलचं लाकूड सोडून इंडियन रोझवुडकडे वळले होते. म्हणजे आपल्याच दक्षिणेकडचं झाड कॅलिफोर्नियाला गेलं, गिटार झालं, बोटीतून परत आलं आणि माहीमच्या पलंगाखाली पडून राहिलं. २०१७ मध्ये त्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा वाद्य सीमेपार पाठवायलाही कागदपत्रं लागायची. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. आपल्याकडे आजही त्याच लाकडाचे देव्हारे होतात. थोडं भरकटलो, माफ करा.

अंकलनी बेस मांडीवर घेतला. बोटं वाकडी झालेली, तारा गंजलेल्या. त्यांनी चारच सूर वाजवले, अ‍ॅम्पशिवाय. मग म्हणाले, "साठ हजार दे. जास्त होतो काय?"

माझ्या खात्यात बासष्ट होते. त्यातले अठरा भाड्याचे.

रंग मूळचा असता तर परदेशात अशा बेसचे सहज तीन-चार हजार डॉलर येतात. रंग बदलला की कलेक्टर भाव जवळजवळ अर्धा करतात, खुंट्याही बदललेल्या होत्या. तरी आपल्याकडे दोन लाखांना मरण नव्हतं. मी हे सगळं हिशेब केल्याशिवाय, आपोआप, चहाचा पहिला घोट घेईपर्यंत मनात केलं होतं. त्या स्पीडची मला स्वतःलाच जरा लाज वाटली. आणि तरीही सांगतो, मी "पंचावन्न" म्हणायला तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. तेवढ्यात मुलीने आतून विचारलं, "चाय के साथ कुछ खाओगे? चिवडा है."

हे मी रचून सांगत नाहीये. चिवडाच होता. बहुधा दुकानातला, पण होता.

मी म्हणालो, "अंकल, साठ फार कमी आहेत. हा दोन लाखांचा आहे."

सिनेमात अशा वेळी म्हातारबाबा हसतात आणि म्हणतात, मला माहीत होतं, मी तुझी परीक्षा घेत होतो. इथे तसलं काही झालं नाही. अंकलचा चेहरा पडला. आपल्याला आपल्याच वस्तूची किंमत माहीत नव्हती, हे त्यांना आवडलं नाही. मुलगी बाहेर आली, मार्करचं टोपण लावलं आणि सरळ विचारलं, "मग तुम्ही दोन लाख देताय?" मी म्हणालो, नाही, माझ्याकडे नाहीत. "मग आलात कशाला?" हा प्रश्न वाजवी होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिवडा खाल्ला.

अर्ध्या तासाने ठरलं ते असं: बेस मी न्यायचा, स्वच्छ करायचा, विकून द्यायचा. दीड लाखाच्या वर जे येईल त्यातले दहा टक्के माझे. तिने माझ्या आधार कार्डाचा फोटो काढून घेतला. मी तिच्या जागी असतो तर मीही काढला असता.

तो बेस नऊ दिवस माझ्याकडे होता. मी बाकीच्या तिघांना हात लावला नाही. तारा बदलल्या, पॉट्स साफ केले, मानेचा नट पाव वळसा फिरवला. फक्त पाव! रात्री हेडफोन लावून दोन-दोन वाजेपर्यंत वाजवायचो. आवाज कसा होता? लिहिणं माझा धंदा आहे आणि मला सांगता येत नाही. खरखरीत. मधल्या सुरांत थोडा नाकातला, दुखरा. मनात रोज हिशेब चालायचा: दोन बेस विकले, आईकडून पन्नास घेतले, काकांना भाडं पुढच्या महिन्यात... एका रात्री तर मी मित्राला फोन करून उधार मागायच्या बेतात होतो. पहाटेचे तीन वाजले होते म्हणून वाचलो.

विकतानाचं वर्णन मात्र मी या वेळी पान-दीड पान लिहिलं. रंग मूळचा नाही, खुंट्या बदललेल्या, सातव्या ते नवव्या फ्रेटवर झीज, मागे पट्ट्याच्या बकलचे खड्डे, मान दाबली तर केसभर हलते. फोटो टाकले चौतीस. माझा गिटारिस्ट मित्र म्हणाला, "विकतोयस की पोस्टमॉर्टेम रिपोर्ट देतोयस?"

बंगळुरूची एक मुलगी तो घ्यायला आली. आयटीत आहे, चर्चमध्ये आणि एका फंक बँडमध्ये वाजवते. तिने मान बंदुकीसारखी धरून बघितली, वीसच्या वीस फ्रेट वाजवले, खरखरीवर पाच हजारांचा चेहरा केला. मला बरं वाटलं. दोन लाख दहा हजार. माझे झाले सहा हजार. पैसे थेट अंकलच्या खात्यात गेले. ती बेस पाठीला लावून रिक्षात बसली आणि मी खाली रस्त्यावर उभा, मुलगी सासरी निघालेल्या बापासारखा. (बघा, इथे बेस 'ती' झाला.)

हिशेबाचा कागद द्यायला पुन्हा माहीमला गेलो. अंकलनी रक्कम वाचलीच नाही. "वाजवते काय चांगला?" एवढंच विचारलं. मी तिने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन कानाला लावला, कारण फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. मग म्हणाले, "लेफ्ट हँड बरा आहे. घाई करते."

आता राहिला नाशिकचा.

हरवलेले बेस सापडतात हे मला माहीत आहे. जॅको पास्तोरियसचा १९६२ चा जॅझ बेस, ज्याच्या पडद्या काढून टाकलेल्या होत्या, १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पार्कातून गेला. पुढच्याच वर्षी जॅको गेला. बेस दोन दशकांनी उगवला आणि २०१० मध्ये मेटालिकाच्या रॉबर्ट त्रुहियोच्या मदतीने त्याच्या कुटुंबाकडे परत आला. मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतलेला हॉफनर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमधून, व्हॅनमधून चोरीला गेला होता. तो एका घराच्या माळ्यावर सापडून २०२३ च्या अखेरीस परत आला, एक्कावन्न वर्षांनी. जेमरसनचा १९८३ मध्ये, तो वारला त्याच्या काही दिवस आधी चोरीला गेला. तो मात्र अजून बेपत्ता आहे. हे सगळे चोरीचे. माझ्या केसमध्ये तर चोरी नाही, रीतसर व्यवहार आहे, पावती आहे, फोन नंबर आहेत.

मी ज्याला विकला तो शिलाँगचा. त्याने वर्षभराने कोलकात्याला एका स्टुडिओवाल्याला दिला. स्टुडिओ बंद पडला. तिथून तो कोचीला गेला की गोव्याला, यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं देणारे माझे फोन आता उचलत नाहीत. त्या मुलाला मी दर महिन्याला रिपोर्ट पाठवतो. तो अंगठा पाठवतो.

म्हणून या वेळचं कॉलम जरा स्वार्थासाठी वापरतोय, संपादकांनी खपवून घ्यावं. स्क्वायर प्रिसिजन, सनबर्स्ट, सीरियल 'जेव्ही'ने सुरू होणारा. पिकगार्डच्या खालच्या स्क्रूपाशी बारीक तडा. मागे, वरच्या शिंगाजवळ, कंपासने कोरलेली दोन अक्षरं. ते किरकोळ ओरखडे नाहीत. तुमच्याकडे, तुमच्या मित्राकडे, कुठल्या रिहर्सल रूमच्या कोपऱ्यात असा बेस दिसला तर या कॉलमच्या पत्त्यावर मेल टाका. मी विकत घेईन. किंमत तुम्ही सांगा.

फार सांगू नका.